आड आलेली फांदी

फोटो उघडला तेव्हा तिच्या तोंडून आपसूक "वा!" निघून गेलं, आणि नंतर दिवसभर ती त्या एका "वा"पाशीच पुन्हा पुन्हा येऊन थांबत राहिली. दुपारचे साडेबारा वाजले होते. एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर तेवढ्यापुरतं कुणी नव्हतं. आतल्या चिंचोळ्या केबिनमध्ये, जाड काचेच्या मागे, ती डबा उघडून बसली होती आणि एका हाताने खात दुसऱ्या हाताने फोन बघत होती. बुलबुलाचं घरटं. वाटीएवढं, बारीक मुळांचं, कोळ्याच्या जाळ्याने सांधलेलं. त्यात तीन पिल्लं, तिन्ही माना वर, तिन्ही चोची आ वासलेल्या, आतली तोंडं ओल्या पाकळ्यांसारखी लाल. ऊन असं पडलं होतं की पिल्लांच्या अंगावर फुटणारं एकेक पीस मोजून घ्यावं. खाली लिहिलं होतं, "ताई, बघा, आता मोकळं झालं." त्याखाली अंगठ्यांची आणि टाळ्यांची रांग लागली होती. तिनेही "अप्रतिम" असं लिहिलं, आणि पाठवायच्या आधी सवयीने दोन बोटांनी फोटो मोठा करून कडा बघितल्या. मधलं आपोआप दिसतं, कडा मुद्दाम बघाव्या लागतात, असं ती सगळ्यांना सांगायची. खालच्या डाव्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका होता. तो आणखी मोठा केल्यावर लंबगोल झाला, आणि त्याच्या काठावर चिकाचा एक थेंब चकाकला. फांदी होती तिथे. काल-परवा कापलेली. तिच्या हातातला घास तसाच राहिला. मग तिने पिल्लांच्या चोचींकडे परत पाहिलं. चोच आ वासण्याची कारणं दोन असतात. भुकेलं पिल्लू मान ताणतं, थरथरतं, चोच आभाळाकडे करतं. या तिघांच्या माना वर होत्या खऱ्या, पण घरट्याच्या काठावर टेकलेल्या होत्या, आणि चोची तीन वेगवेगळ्या दिशांना होत्या. पिल्लं मागत नव्हती. उन्हाने धापा टाकत होती.

"अप्रतिम" हा शब्द अजून पाठवायच्या चौकटीत उभा होता. तिने तो एकेक अक्षर मागे नेत पुसला, म, ति, प्र, अ, जणू एकदम पुसला तर कुणाला आवाज जाईल. जे झालं ते इतकं लहान होतं की दुसऱ्या कुणाला सांगायला गेलं तर हसू यावं. पण तिने उरलेला डबा झाकून टाकला. आणि त्याचं कारण फांदी नव्हती, तर आधीच्या गुरुवारी तिनेच लिहिलेलं एक वाक्य होतं.

निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांचा हा गट सात वर्षांपूर्वी सुरू झाला तेव्हा तीही फोटोच काढायची. मग एक दिवस कुणाच्या तरी कोळ्याच्या फोटोखाली तिने चार ओळी लिहिल्या: जाळ्यावरचं दव छान पकडलंय, पण मागची भिंत त्याला खाऊन टाकते, दोन पावलं डावीकडे सरकलात तर मागे सावली येईल, तुम्हाला स्वतःला यात काय दाखवायचं होतं? माणूस दोन पावलं डावीकडे सरकला, आणि फोटो खरंच जिवंत झाला. तेव्हापासून दर गुरुवारी लोक तिच्यापुढे फोटो ठेवू लागले. आधी जे साधलंय ते सांगायचं, मग एकच सुधारणा, शेवटी एक प्रश्न. कुणाला तोंडावर पाडायचं नाही, कुणाचं मन मोडायचं नाही. लोक म्हणायचे, ताईंनी चूक दाखवली तरी पाठीवर हात फिरवल्यासारखं वाटतं. तिचा स्वतःचा कॅमेरा मात्र कधीच कपाटात गेला होता. डोळ्याला लावला की चित्राच्या आधी त्यातली खोटच दिसायची, आणि बोट दाबलंच जायचं नाही. नवरा एकदा म्हणालाही होता, "तुझं म्हणजे पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी पाण्यात उतरायचंच नाही, तसं झालंय." तो भूमापक होता, दिवसभर दुर्बिणीतून खुंट्या बघायचा, आणि घरी आल्यावर कशाकडेही नीट बघत नसे. दोघांचं त्यामुळे बरं चाललं होतं.

तिला या गुरुवारांची गरज का वाटायची हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. एक्स-रेच्या खोलीत तिला सगळं दिसायचं आणि काहीच बोलायची मुभा नसायची. "श्वास घ्या, धरा, हलू नका, सोडा." एवढी चार वाक्यं तिची. बाकीचं डॉक्टर सांगतील. छातीच्या पिंजऱ्यात सुपारीएवढी सावली दिसली तरी चेहरा तसाच ठेवून म्हणायचं, शर्ट घाला, बाहेर बसा. आज सकाळचीच गोष्ट. मनगट सुजलेले एक आजोबा तिच्या खांद्यावरून पडद्यावर डोकावायला बघत होते. "कसा आलाय हो?" तिने म्हटलं, "छान आलाय." हाड दोन ठिकाणी तुटलेलं इतकं स्वच्छ दिसत होतं की खरोखरच छान आला होता. आजोबा हसले, बाहेर जाऊन सुनेला म्हणाले, "काही नाही गं, छान आहे म्हणतात." तिने उघड्या दारातून ते ऐकलं आणि दार ओढून घेतलं. सव्वीस वर्षं असली न बोललेली वाक्यं साठत गेली होती, आणि गुरुवारी ती कुणाच्या तरी कोळ्यावर, बगळ्यावर, फुलपाखरावर अलगद उतरायची. तिला वाटायचं, इथे बोलून कुणाचं हाड मोडत नाही.

आधीच्या गुरुवारी बेकरीवाल्याने बुलबुलाची मादी टाकली होती. खऱ्या नावाने त्याला गटात कुणी ओळखत नसे, बेकरीवाला म्हणूनच सगळे हाक मारत. पहाटे तीनला भट्टी पेटवणारा आणि दुपारी एकदा हात धुतले की कॅमेरा घेऊन निघणारा, चाळिशीचा, अखंड बडबड्या. फोटोबरोबर दहा ओळींचा मजकूर हमखास असे. मादी घरट्यात बसली होती, डोळा पाण्याच्या टिपुसासारखा, शेपटीखालचा लाल डाग जेमतेम दिसत होता, आणि तिच्या पुढून एक पानांनी भरलेली फांदी आडवी गेली होती. तिने लिहिलं होतं: "डोळ्यातली चमक सुरेख आली आहे. तिचा ताठरपणा, सावधपणा सगळा त्या डोळ्यात आहे. फक्त समोरची फांदी नसती, तर हे चित्र पूर्ण झालं असतं. तुम्हाला काय वाटतं?" आता ती ते वाक्य परत वाचत होती. नसती तर, झालं असतं. यात कुठे कापा असं म्हटलंय? व्याकरणाच्या पुस्तकात असल्या वाक्याला संकेतार्थ म्हणतात, घडलं नाही त्याबद्दलची नुसती हळहळ. पण घरात सासू म्हणते, "घरात थोडं दूध असतं तर बरं झालं असतं," तेव्हा सून पिशवी घेऊन निघतेच की. आपल्या भाषेत हुकूम असेच देतात. हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच.

तिने गटातल्या कुणाला कधी फोन केला नव्हता. नंबर लावला तेव्हा पलीकडे पत्र्याचे ट्रे एकमेकांवर आदळत होते.

"ताई? तुम्ही? अहो, बघितलात का फोटो?"

"बघितला."

"कसा आहे?"

"तुम्ही फांदी कापलीत का?"

"हो ना! एकच होती हो. खोकी बांधायच्या दोरीची कात्री खिशातच असते माझ्या. श्वास रोखून कापली बघा, घरट्याला धक्कासुद्धा नाही लागू दिला. आणि कालच्या दुपारी काय ऊन होतं! तुम्ही म्हणता ना, प्रकाश आत पोचला पाहिजे, तर असा पोचला —"

"ती फांदी म्हणजे त्यांची सावली होती."

ट्रेचा आवाज थांबला. किंवा तो बाजूला झाला असेल. पलीकडे श्वास नुसता ऐकू येत होता, धापेसारखा, कारण भट्टीजवळ माणसं तशीच श्वास घेतात.

"पण ताई, तुम्हीच म्हणालात ना," तो म्हणाला. यात आरोप नव्हता. शाळेत पोराने गणित फळ्यावरून जसंच्या तसं उतरवून घ्यावं आणि तरी चुकावं, तसा गोंधळलेला आवाज होता. "नसती तर पूर्ण झालं असतं."

"हो. मीच म्हणाले."

"काल तीन वाजता तर चांगली होती तिघंही."

"मला जागा सांगा. मी येते."

"आत्ता? तुम्ही?" मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "मी पण येतो. वीस मिनिटांत निघतो. बंद पडलेलं बसचं आगार आहे ना, त्याच्या मागच्या कुंपणाशी."

अर्धी रजा मागायला ती गेली तेव्हा वरच्या बाईंनी कारण विचारलं. "घरचं आहे," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला ते खोटं वाटलं नाही. बसमध्ये उन्हाच्या बाजूची खिडकी मिळाली. शहर मागे सरकत होतं, टायरांची दुकानं, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, आणि प्रत्येक गोष्टीवर ते पांढरं ऊन सारखंच पडलेलं, कुणाचाही भेद न करता. ते ऊन बघता बघता तिला होस्टेलमधून आलेल्या धाकट्या बहिणीच्या पत्रांचा वास आला. निळ्या कागदांना साबणाचा वास असायचा, कारण धाकटी ती साबणाच्या डब्यात ठेवायची. सतरा वर्षांची होती. मैत्रिणी, पावसाने गळणारं छत, बाईंची नक्कल, सगळं एका दमात, विरामचिन्हांशिवाय, धावत लिहायची. आणि ही, बावीस वर्षांची थोरली, ती पत्रं लाल शाईने तपासायची. प्रेमाने. ऱ्हस्व-दीर्घ नीट करायची, समासात लिहायची, "इथे छान जमलंय, पण हे दोनदा आलं," आणि स्वतःच्या पत्राबरोबर परत पाठवायची. धाकटीचं लिखाण सुधारत गेलं. पत्रं लहान होत गेली. शेवटचं पत्र निर्दोष होतं, पाच ओळींचं, आणि एखाद्या कार्यालयाने पाठवल्यासारखं. त्यानंतर आलंच नाही. या दोन गोष्टी तिने कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. बस रेल्वेच्या एका फाटकापाशी थांबली होती, इंजिन घरघरत होतं. तिने फोन लावला.

"आज मध्येच कशी अक्का? बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. एक विचारायचं होतं. तू पत्रं लिहायचीस ना मला, होस्टेलवरून —"

"आणि तू तपासून पाठवायचीस!" धाकटी हसली. "आहेत अजून. पोरीला दाखवते मी, म्हटलं बघ, माझी अक्का कशी होती."

कशी होती, हे तिने विचारलं नाही. "मग लिहायची थांबलीस का?"

"अगं, घरी फोन आला ना तुमच्या. फोन आल्यावर कोण पत्रं लिहितंय?" पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. "आणि तुला लिहायचं म्हणजे माझा अख्खा रविवार जायचा गं. आधी कच्चं, मग पक्कं. अक्का, तुझा आवाज असा का येतोय?"

"बसमध्ये आहे."

"बरं, उतरलीस की कर," धाकटी म्हणाली. फाटक उघडलं. तिला काहीच कळलं नव्हतं. धाकटीने ती पत्रं जपून ठेवली होती, हे मायेने की वळ जपावा तसं, हे विचारायची सोय कोणत्याच भाषेत नव्हती. बस हलली आणि ऊन तिच्या मांडीवरून सरकून पलीकडच्या माणसाच्या मांडीवर गेलं.

आगाराचं फाटक गंजून उघडंच पडलं होतं. आत चाकं काढलेल्या तीन बस ओळीत उभ्या होत्या, काचांवर धुळीचे थर, आणि त्यांच्या पोटाखालून गवत वर आलेलं. मागच्या कुंपणाला कण्हेरीची जुनी दाट रांग होती. तो तिथे आधीच येऊन उभा होता. थोराड, बसका, बाह्यांवर मैदा, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी. इतकी वर्षं दहा दहा ओळी लिहिणारा माणूस तिला बघून नुसता बाजूला झाला आणि बोटाने दाखवलं. छातीएवढ्या उंचीवर ते घरटं होतं. फोटोत होतं त्यापेक्षा पुष्कळ लहान. वर काही नव्हतं, नुसतं आभाळ. दोन पिल्लं काठावर माना टाकून पडली होती, त्यांच्या गळ्याशी कातडं भराभर हलत होतं. तिसरं खाली, तळाशी होतं. त्याचं काही हलत नव्हतं.

"हे मी..." तो म्हणाला.

"आपण," ती म्हणाली.

तो वाकला, आणि तिला वाटलं आता हा रडणार. पण तो खाली पडलेली फांदी उचलत होता. कण्हेरीची पानं जाड, एका दिवसात मान टाकत नाहीत. कडा थोड्या वळल्या होत्या, एवढंच. तिने फांदी त्याच्या हातातून घेतली, कापल्या टोकाला लावून पाहिली, आणि टोक टोकाला अचूक बसलं. सावली वाटीत उतरली. पिल्लांच्या अंगावर पानांच्या लांब रेषा पडल्या. दोघांनी एकदमच श्वास सोडला.

"बांधायला हवी," ती म्हणाली. "दोरी आहे?"

त्याने सगळे खिसे चाचपले. कात्री निघाली, दोरी नाही. "रोज असते हो! रोज असते, आणि आज..." तो धावत सुटला, मग परत वळला, "बेकरीतून आणतो, स्कूटर आहे, तुम्ही धराल ना?" आणि फाटकाबाहेर स्कूटर खोकत सुरू झाल्याचा आवाज आला.

मग ती उरली, फांदी, आणि ते दोन जीव. सुरुवातीला तिला बरं वाटलं, हातांना काम असल्यासारखं. मग मागच्या तारेवरून कर्कश किटकिट सुरू झाली. मादी. चोचीत काहीतरी हिरवं, बहुधा अळी, धरून ती तारेवर पुढे-मागे सरकत होती, शेंडी ताठ. खाली यायची, दहा हातांवर थांबायची, माणूस बघून परत तारेवर जायची. तिला समजायला थोडा वेळ लागला. आपण इथे उभ्या आहोत तोवर सावली आहे, आणि आपण इथे उभ्या आहोत तोवर आई येणार नाही. हात काढला तर ऊन, नाही काढला तर उपास. कालपासून या पिल्लांच्या पोटात किती गेलं असेल, कोण जाणे. ती शक्य तितकी मागे सरकली, हात पुरा ताणून, तोंड दुसरीकडे करून, जणू आपण बघत नसलो की दिसतही नाही. मादी फसली नाही.

ऊन सरकत होतं, आणि त्याबरोबर फांदीही तिला केसाएवढी फिरवावी लागत होती. मनगटावर चीक सुकून ताणला होता. दंडातून मुंग्या सुरू झाल्या, मग खांद्यात आग, मग काहीच नाही. हात आपला राहिला नाही, तो पानांच्या बाजूचा झाला. डोळे अर्धवट मिटल्यावर तिला प्रशिक्षणाच्या काळातली ती काळोखी खोली दिसायला लागली. तेव्हा फिल्म रसायनात धुवायची असे. लाल दिव्याखाली, थाळीतल्या द्रवात, कोऱ्या फिल्मवर आधी काहीच नसायचं, मग धुकं यायचं, आणि धुक्यातून कुणाच्या तरी बरगड्या हळूहळू वर यायच्या, जणू कुणी झोपेत कूस बदलून वर बघतंय. ती तेव्हा थाळीवर वाकून बघत राहायची. सरळ, वाकडी, चांगली, वाईट असं काही मनातच यायचं नाही. कुणीतरी येतंय, एवढंच वाटायचं. ते वाटणं कधी बंद झालं? एका दिवसात झालं नसेल. ऊन सरकतं तसंच सरकलं असेल, आणि आपण मान वर करून बघितलंच नाही. सात वर्षांत किती जणांना ती म्हणाली असेल, नसतं तर, असतं तर. एका बाईला म्हणाली होती, खारीच्या मागचा तो कचऱ्याचा डबा नसता तर. एका म्हाताऱ्या शिक्षकाला म्हणाली होती, हे माकड जरा वर बघतं तर. त्यांनी काय केलं असेल? शिक्षकाने माकडाला वर बघायला लावायला काय फेकलं असेल? त्याचा पुढचा फोटो खरंच चांगला आला होता. तिने त्याला शाबासकी दिली होती. सावलीत पडलेल्या पिल्लांपैकी एकाने डोळा उघडला, काळा, टाचणीच्या डोक्याएवढा, आणि तिच्याकडे पाहिलं, किंवा तिच्या दिशेला नुसता उघडा ठेवला. तिला त्याला काहीतरी म्हणावंसं वाटलं. मादी ओरडत होती, पलीकडच्या रस्त्यावरून ट्रक जात होते, आणि तिला अगदी खरं वाटलं की आपण इथे कित्येक वर्षं उभ्या आहोत, आणि घरी कुणीतरी दुसरीच बाई आपला डबा धुऊन पालथा घालत असेल.

स्कूटर आली. तो धावत आला, गळ्यात पांढऱ्या दोरीचं भेंडोळं, आणि पन्नास पावलांवर येताच धावणं थांबवून चोरपावलांनी चालायला लागला, एवढा जड माणूस. तिने फांदी धरून ठेवली आणि तो बांधू लागला. पावाची खोकी रोज शेकड्यांनी बांधणारी बोटं होती ती, दोन फेरे, एक पीळ, गाठ. खालच्या जाड बुंध्याला एक आधाराची काडी लावली, वर आणखी एक फेरा घेतला. पानं त्याच्या गालाला लागत होती. घरट्याला त्याचा स्पर्शही झाला नाही. शेवटची गाठ मारताना त्याची नजर तळाच्या पिल्लाकडे गेली आणि हात थबकला.

"याला काढू का?" त्याने पुटपुटत विचारलं.

"नको. तीच काढेल."

"कळेल तिला?"

"माहीत नाही," ती म्हणाली. हे दोन शब्द तिने गटात कधी लिहिले होते असं तिला आठवेना.

तिने हात सोडला. तो खाली यायलाच तयार नव्हता, त्यानेच तो हलकेच धरून खाली आणला, आजारी माणसाचा आणतात तसा. मग दोघं मागे मागे सरकत शेवटच्या बसपर्यंत आले आणि तिच्या पोटाच्या सावलीत जमिनीवर बसले. त्याने सवयीने पिशवीतून कॅमेरा काढला, ती लांबलचक भिंगाची नळी गुडघ्यावर टेकवून डोळा लावला. त्यानेच थोड्या वेळाने डोळा काढला.

"काहीच दिसत नाही," तो म्हणाला. "नुसती पानं."

"हं."

"घरटं आहे हेसुद्धा कळत नाही."

"बरं झालं."

त्याने कॅमेरा परत पिशवीत ठेवला, चेन लावली, आणि त्यात पहिल्यांदा त्याला थोडं हसू आलं. "गटात काय सांगायचं मग? लोक विचारतील, पुढचा फोटो कुठाय?"

"जे झालं ते सांगू. तुमचं तुम्ही, माझं मी. माझं मी आधी लिहिते."

"ओरडतील आपल्याला."

"ओरडू देत."

त्याने मान डोलवली. बसच्या पत्र्याखाली उकडत होतं, गवतात एक तपकिरी टोळ वर-खाली चढत होता. तारेवरची किटकिट थांबली होती, आणि ती थांबली म्हणून तिने मान वर केली. मादी तारेवर नव्हती. कुंपणाच्या टोकावर नव्हती. गेली असेल. एक दिवस उन्हात आणि वर एक तास बाईमाणूस पाहिल्यावर कोणतं पाखरू परत येईल? बेकरीवाला बोटाने जमिनीवर रेघा ओढत होता. "सोडून गेली असेल का हो?" त्याने विचारलं. ती कुंपणाकडेच बघत राहिली. मग कण्हेरीच्या रांगेत, त्यांच्या समोर नाही, चांगली आठ-दहा झुडपं अलीकडे, एक पान हललं. मग त्याच्या शेजारचं झुडूप. आतून, पानांच्या पोटातून, काहीतरी फांदी-फांदीने सरकत घरट्याच्या झुडपाकडे जात होतं, चोरासारखं, थांबत, कानोसा घेत. वारा तर अजिबात नव्हता. बांधलेली फांदी एकदा दबली आणि वर आली.

दिसलं काहीच नाही. पाच सेकंद गेले असतील, की दहा. मग पानांमागून एक आवाज आला, दोरा ओढावा इतका बारीक, आणि त्यावर लगेच दुसरा, तसाच, थोडा कर्कश. दोन होते. आधी एक आणि मग दोन्ही एकदम, हावरट, भांडखोर, एकमेकांच्या वरचढ. तिचा हात बेकरीवाल्याच्या बाहीवर गेला, मैद्याचा ढग उडाला. तिच्या ओठांवर काहीतरी आलं, काय ते तिलाही कळलं नव्हतं, पण ती सांगणार होती, तोंड उघडलंही होतं.

"शू, ताई," तो म्हणाला.

तिने तोंड मिटलं. आणि ते दोन आवाज, खाली-वर होत, कितीतरी वेळ चालू राहिले.